जेवणाआधीचं गप्प बसणं

माझं माहेर नगर शहरातलं, तेही मिशनच्या आवारातलं. प्रार्थना आमच्या अंगवळणी पडलेली. वडील जेवणाआधी इतकी लांब प्रार्थना करायचे की आमटी गार व्हायची. कुणी मध्येच डोळे उघडले, तर आई आधी शांतपणे 'आमेन' म्हणायची आणि मग चिमटा काढायची. अशा घरातून मी मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी लग्न होऊन नगर जिल्ह्यातल्याच कर्जतच्या बाजूला एका खेड्यात गेले.

सासरी पहिल्याच संध्याकाळी ताटं वाढून झाली, सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि कुणीच काही बोलेना. मामंजी मात्र ताटापुढे बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, नव्या सुनेची परीक्षा चालली आहे. मी झाले सुरू. सासर, माहेर, चर्चचे पाळकसाहेब, त्यांच्या मंडळीतले आजारी, कुणाला म्हणून सोडलं नाही. 'आमेन' म्हणून डोळे उघडले, तर मामंजींचं ताट जागच्या जागी आणि मामंजी गायब. नवरा खाली मान घालून भाकरी मोडत होता. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला एका शब्दानं बोल लावला नाही, फक्त माझ्या ताटात आणखी थोडं कालवण वाढलं. मला रडू आलं आणि रागही आला. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

नवऱ्याकडून मग सगळं कळलं. त्याची धाकटी बहीण तापानं गेली होती. दहा वर्षांची पोर. सगळी मंडळी उपास धरून प्रार्थना करत होती आणि मामंजी तिच्या बाजेशी गुडघे टेकून बसले होते. तरी पोर गेली. तिला मातीत ठेवून परतताना मामंजी पाळकांना एवढंच म्हणाले, "ऐकनारा असता तर ऐकलं असतं." त्यानंतर ते चर्चची पायरी चढले नाहीत, की देवाचं नाव तोंडातून काढलं नाही.

ताटावरची प्रार्थना घरातल्या कर्त्यानं करायची, अशी त्या घराची रीत. कर्ताच मुका झाला, तर थोरल्या मुलानं करावी. पण आत्याबाईंनी ती माझ्या नवऱ्यालाही करू दिली नव्हती. प्रार्थनेला लागेल तेवढा वेळ त्या मान खाली घालून गप्प बसायच्या आणि मग म्हणायच्या, "घ्या." मला हे निव्वळ ढोंग वाटायचं. चुलीपाशी मी तसं बोलूनही दाखवलं, माझ्या जिभेला हाड नव्हतंच.

आत्याबाईंनी हातातली भाकरी आधी तव्यावर टाकली. म्हणाल्या, "आपन गप बसलो की ते उठून जात न्हाईत, बगितलंस का? रोज बसत्यात. त्यांच्या जागी दुसरंच कुनी बोलाय लागलं, तर त्यांनी परत यायचं कुठं?"

  पोर काय एकट्या मामंजींची गेली होती? ती आत्याबाईंच्याही पोटची होती. तरी दर रविवारी ही बाई धुतलेलं लुगडं नेसून एकटी चर्चला जायची, परत येऊन नवऱ्याला भाकरी वाढायची, आणि 'तुम्ही का येत नाही' असं एकदाही विचारायची नाही. मी असते तर हाताला धरून ओढत नेलं असतं आणि वाटेत चार शब्द सुनावले असते ते वेगळेच. आत्याबाईंची माया माझ्या समजुतीपेक्षा फार मोठी होती. मी ते अजूनही जाईन तिथं सांगते.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. मामंजी आणि माझा नवरा सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. रेशनला लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापायला घ्यावी तर हातातच तुटायची.

एका संध्याकाळी मामंजी एका म्हाताऱ्याला धरून घरी घेऊन आले. शेजारच्या गावचा शेतकरी, चांगला जमीनजुमला असलेला. तोही खडीवरच होता. कामावर चक्कर येऊन पडला, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. बऱ्या दिवसांत जातीपायी त्याच्या घरच्या कुणी आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नसतं. दुष्काळानं एवढं एक बरं केलं होतं.

ताटं वाढली. आम्ही माना खाली घातल्या. नेहमीएवढा वेळ गेला आणि आत्याबाई म्हणाल्या, "घ्या."

म्हातारा हलेना. मामंजींकडे बघून म्हणाला, "घरधन्यानं देवाचं नाव घेतल्याबिगर मी घास उचलत न्हाई. तुमचा जो कोन असंल त्याचं घ्या, पन घ्या."

नवऱ्यानं बोलायला तोंड उघडलं. आत्याबाईंनी त्याला नजरेनंच थांबवलं. मला तर त्यांचा संतापच आला. म्हाताऱ्यानं हात मांडीवर घट्ट धरून ठेवला होता, त्याच्यासमोर भाकरी होती, आणि या बाईला अजून धीर धरायचा होता.

मामंजींनी एकदा म्हाताऱ्याच्या हाताकडे बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली.

"बापा," ते म्हणाले, "या मानसाला भूक लागलीया. भाकर दिलीस, उपकार झालं. आमेन."

म्हातारा जेवू लागला, मग आम्हीही जेवलो. हात धुताना मामंजी कुणाकडे न बघता पुटपुटले, की पाहुण्यासाठी म्हटलं. आत्याबाई 'बरं' म्हणून भांडी उचलायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी म्हातारा त्याच्या गावी गेला. संध्याकाळी आम्ही घरचेच जेवायला बसलो. मी मान खाली घातली खरी, पण एक डोळा उघडा ठेवला, ती माहेरची खोड. आत्याबाई रोजच्यासारख्याच बसल्या होत्या. आज पाहुणा नव्हता, त्यामुळे मामंजींवर कशाचीच सक्ती नव्हती. नेहमीचा वेळ उलटून गेला, तरी आत्याबाई 'घ्या' म्हणाल्या नाहीत.

मामंजींनी टोपी काढली.

"बापा," म्हणाले आणि थांबले. "माझी पोर तुझ्याकडं हाय. तिला उपाशी ठेवू नगं."

'आमेन' काही त्यांच्या तोंडून निघेना. ते आत्याबाईंनी म्हटलं.