कोपरा फाटलेली चिठ्ठी

मी सतरा वर्षांची असताना एका जिवंत म्हातारीच्या मरणाची खबर अकोल्याला धाडली. मुद्दाम नाही धाडली. मुद्दाम काही करायला अक्कल लागते, ती तेव्हा माझ्यापाशी नव्हती. बुगडीसाठी कानाच्या वरच्या पाळीला नवं भोक पाडून घेतलं होतं. त्यातली कडुलिंबाची काडी टोचत होती, म्हणून मऊ सुरळी करायला कागदाचा तुकडा हवा होता. शाळेच्या पंतोजींनी लिहून ठेवलेल्या चिठ्ठीचा एक कोपरा कोरा दिसला, तो मी फाडला. कोरा तर आहे, वायाच जाणार, असंही वर मनाशी म्हटलं.

ज्या घरात कधी कागद आला नाही त्या घरच्या पोरीला काय ठाऊक, की कोपरा फाटलेली चिठ्ठी ही मयताची असते? अशी चिठ्ठी उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, वाचायच्याही भानगडीत कुणी पडत नाही. कोपरा पाहायचा, चिठ्ठी फाडून पाण्यात सोडायची आणि अंगावर पाणी घ्यायचं. हे सगळ्या अमरावतीला माहीत होतं. मी मात्र कान आरशापुढं धरून सुरळी नीट बसली की नाही ते पाहत होते.

ते दिवस कापसाचे होते. साता समुद्रांपलीकडं कुठं लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या बोंडांना भाव आला, असं पंतोजी सांगत. मला एवढंच कळे की गाड्यांच्या रांगेमुळं रस्ता ओलांडता येत नाही आणि आमच्या घरचा माणूसही त्याच रांगेत कुठंतरी बैल हाकतोय. आगगाडी अजून आमच्यापर्यंत आली नव्हती. सगळा माल बैलांनीच अकोल्याकडं ओढायचा. हातपाय धड असलेला प्रत्येक जण गाडीवर नाहीतर कापसाच्या गठाणी बांधायला गेला. मागं उरले ते म्हातारे. एका शेठजींनी आपली जुनी वखार रिकामी केली, तिच्यात वीस-बावीस बाजा टाकल्या आणि ज्यांच्याकडं बघायला कुणी नाही त्यांना ठेवून घेतलं. गाव तिला 'बुढ्यांची वखार' म्हणे. मी भातकुलीकडच्या शेतकऱ्याची लेक, नवरा बाहेर, घरात एकटी. दोन वेळचं जेवण आणि दोन लुगडी यावर तिथं कामाला लागले.

न्हाऊ घालायचं, भरवायचं, कूस बदलून द्यायची, घाण काढायची. यात शिकायचं काय, असं मला वाटलं. घरी वासरं धुतली होती की. पहिल्याच सकाळी एका बुढ्याच्या डोक्यावर न सांगता तांब्या ओतला. तो असा दचकला की त्याची लाथ माझ्या पोटात बसली आणि मी घंगाळाशेजारच्या चिखलात. तिथं एक जुनी कामकरीण होती, तिला सगळे काकी म्हणत. ती हसली नाही. मला उठवलं, त्या बुढ्याजवळ नेलं, त्याच्या कानाशी वाकून 'आता पाणी टाकतो बाप्पा, कोमट हाय' म्हणाली, आणि तोच माणूस मान खाली घालून लेकरासारखा बसला. मग मला म्हणाली, "आधी सांगाचं, मंग हात लावाचा. माणूस हाय थे, भांडं नोहे."

त्यानंतर मी बघायला लागले. म्हाताऱ्या माणसाचं अंग मी तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. पाठीच्या मणक्यांची ओळ मोजता यावी इतकी वर आलेली. पिंढरीचं मांस गेलेलं, पण तळवे अजून नांगरामागं चालणाऱ्याचे. एक बुढा स्वतःचं नाव विसरला होता, पण घास हातात आला की आधी बैलांसाठी एक तुकडा बाजूला काढून ठेवायचा. तो तुकडा रोज मीच उचलायची. आणि ती रुई! बाहेर तिच्यापायी माणसं एकमेकांच्या उरावर बसत होती, आणि शेठजींनी तीच रुई भरून लहान लहान गाद्या करवल्या होत्या, बुढ्यांच्या टाचांना आणि माकडहाडाला जखम होऊ नये म्हणून. जगात इतकं महाग काही नसताना ते आम्ही टाचांखाली घालत होतो.

दाराजवळच्या बाजेवर एक आंधळी बुढी होती. ती जागा तिनं मागून घेतलेली. दारातून कुणीही आत आलं की विचारायची, कोन आलं? मी आले तरी, कुत्रं आलं तरी. तिचा एकुलता लेक दोन हंगामांमागं तिला तिथं सोडून अकोल्याला गेला होता, चार दिवसांत येतो सांगून. तिथं तो गठाणी बांधणाऱ्या टोळीचा मुकादम झाला. पंतोजींनी त्याला तीन चिठ्ठ्या लिहिल्या. पंतोजी शाळा सुटली की आमच्या ओसरीवर येऊन बसत आणि बुढ्यांचं लिहिणं-वाचणं करत. आत येत नसत, सोवळ्याचे होते. तिन्ही चिठ्ठ्यांना गाडीवाल्यांच्या तोंडून एकच उत्तर आलं: हंगाम उरकला की येतो. तिसऱ्या उत्तरानंतर बुढीनं भाकर सोडली. कण्या ताकात कालवून दिल्या तर दोन घास घ्यायची, तेही माझ्यावर उपकार म्हणून. काकीनं तिची नखं पाहिली, पायाची बोटं दाबून पाहिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की ही होळीपर्यंत तगणार नाही, लेक यायचा असेल तर आत्ता आला पाहिजे. म्हणून चौथी चिठ्ठी. पंतोजींनी लिहिलं, आई आठवण काढते आहे, असशील तसा निघून ये. ती वाळत ठेवून ते हात धुवायला गेले. पुढचं मी सांगितलंच आहे. घडी घालून गाडीवाल्याच्या हातात दिली तीही मीच.

नवव्या-दहाव्या दिवशी भर दुपारी मी तिला कण्या भरवत होते. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अनवाणी, पाय फुटलेले, डोक्याचा गोटा, मिशा काढलेल्या, खांद्यावर कोरं पांढरं फडकं. त्यानं आत पाहिलंच नाही. उंबऱ्याबाहेरूनच मान खाली घालून मला विचारलं, बाई, आमच्या बुढीची राख कुठी टाकली?

हातातला घास तसाच. आणि माझ्या पुढ्यातून नेहमीचा आवाज आला.

"कोन आलं?"

तो माणूस भिंत धरून खाली बसला. मला वाटलं, आता हा जातो. त्याला काय वाटलं ते त्यानं नंतर सांगितलं: माय भूत होऊन दारात बसली. काकी धावत आली, त्याच्या तोंडावर पाणी मारलं, बखोटीला धरून बाजेपाशी आणलं. बुढीनं हात पुढं केला. आधी त्याचा खांदा सापडला, मग गाल. ओठांवर बोटं आली आणि थांबली. मग हात वर गेला आणि डोक्यावरून मागपर्यंत फिरला. आमच्याकडं आंधळ्यालाही कळतं, मिशा आणि डोकं एकाच वेळी कशासाठी उतरवतात. नवरा तिचा कधीचाच गेलेला.

"कोन मेलं बाप्पा?"

त्यानं बाजेची कड धरली. तिनं पुन्हा विचारलं.

"तू, माय," तो म्हणाला.

मी तिच्या तोंडाकडं पाहत होते. आता ही रडेल, शिव्या देईल, छातीवर हात मारून घेईल, असं मला वाटलं. तिनं दुसराही हात वर आणला आणि दोन्ही तळव्यांनी ते डोकं पुन्हा चाचपलं, सावकाश, कानामागं, मानेशी, जसं बाळाला तेल लावताना चाचपतात.

"हजामत चांगली केली," ती म्हणाली. "कुठी कापलं नाही न्हाव्यानं. रडला काय?"

"रडलो."

"लय?"

"अकोल्यापासून अठीलोक."

तिनं मान हलवली आणि तोंड उघडलं. मला आधी कळलंच नाही कशासाठी. काकीनं माझ्या हातातली वाटी काढून त्याच्या हातात दिली. त्या दिवशी तिनं वाटी पुसून खाल्ली. आपल्या मरणाला आपला लेक कसा रडला हे बसल्या जागी ऐकून, वर पोटभर जेवलेली दुसरी बाई मी आजवर पाहिली नाही.

मग चौकशी निघाली. चिठ्ठी त्यानं तिथंच फाडून पाण्यात सोडली होती, त्यामुळं दाखवायला काही नव्हतं. ओसरीवरून पंतोजी शपथ घेऊन सांगत होते की आपण कोपरा फाडलेला नाही. गाडीवाल्यांवर संशय गेला. मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं, पण माझा हात आपसूक कानाकडं गेला. काकीचे डोळे घारीचे. तिनं माझा कान धरला, सुरळी ओढून काढली, उलगडली आणि ओसरीच्या कडेवर ठेवली. पंतोजींनी ती उचलून उजेडात धरली. जाडसर दौलताबादी कागद, अख्ख्या वखारीत तसा त्यांच्याखेरीज कुणाकडं नव्हता. त्यांनी मला हाकललं नाही. ज्याला कागद फाडायची एवढी हौस आहे त्यानं आधी तो वाचायला शिकावं, अशी शिक्षा ठोठावली, आणि दुसऱ्या दिवसापासून मला धूळपाटीवर अक्षरं गिरवायला लावली. आज हे लिहिते आहे ते त्या शिक्षेच्या जोरावर.

बुढीची माफी मागायला मी सकाळी न्हाणीत गेले. कोमट पाणी टाकते म्हणून सांगितलं, मग हळूच सांगितलं की चिठ्ठी मी फाडली, बुगडीपायी. ती पाणी अंगावर घेत राहिली. मग म्हणाली, पयल्या चिठ्ठीच्या येळेस कान टोचाले काय झालं होतं तुले? आणि दात नसलेल्या तोंडानं अशी हसली की मलाही हसू फुटलं, आणि लगेच रडू.

लेक परत जाईना. अकोल्यात त्याला तोंड दाखवायची लाज, टोळीतल्या माणसांनी तेरवीसाठी धान्य काढून ठेवलं होतं म्हणे. पंतोजींनी पोथी पाहून सांगितलं की अग्नी दिलेला नाही तेव्हा फार काही करायला नको. पण मेला म्हणून ज्याचं सगळं उरकलं तो माणूस परत आला तर त्याचे सगळे संस्कार नव्यानं, अगदी जन्मापासून करावे लागतात. बुढीनं ते ऐकलं आणि मग पाळण्यात घाला मले, नाव ठेवा, म्हणून दिवसभर आमच्यामागं लागली. काकीचं म्हणणं वेगळं. मेल्याची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं, असं ती म्हणायची. खरं-खोटं देव जाणे. होळी आली, जळाली, आणि बुढी उन्हात बसून होती.

लेकानं तिचं सगळं हातात घेतलं. मी त्याला शिकवलं. मी, जिला चार महिन्यांपूर्वी लाथ बसली होती. पाठीखाली हात कसा घालायचा, लुगडं बदलताना डोळे कुठं ठेवायचे, टाचेखालची गादी कधी फिरवायची. गठाणी उचलणारे ते हात, पहिल्यांदा तिला उचलताना गरजेपेक्षा वर गेले. इतकी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. रोज सकाळी ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि पीक सांगायची. आज कोंब हाय. आज हरभऱ्याएवढं. एक दिवस म्हणाली, आता धसकटं झाली, ज्वारी कापलेल्या वावरासारखी, बोटाले टोचते. त्या वखारीत त्या दिवसांत मी जे पाहिलं त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. देवळात गेल्यावर जसा आवाज आपोआप खाली येतो, तसा त्या बाजेजवळ माझा यायचा.

पाडव्यानंतर ती गेली. सकाळचं ऊन दारातून आत आलं होतं, त्याचा हात तिच्या पाठीखाली होता, मी पायांशी. कूस बदलतो माय, असं त्यानं सांगितलं, आणि कूस बदलून होईपर्यंत ती नव्हती. न्हावी पुन्हा आला. बोटाच्या पेराएवढे केस उतरवायला त्याला वेळ लागला नाही. यावेळी पंतोजींनी कुठंच चिठ्ठी लिहिली नाही. लिहायची कुणाला?

तेराव्यानंतर तो निघाला. मी त्याला वेशीपर्यंत भाकरीचं फडकं द्यायला गेले आणि म्हटलं, अकोल्यात कुणी विचारलं तर खरं काय ते सांगून टाका, माझी चूक होती म्हणा, मला चालेल. त्यानं फडकं घेतलं, गाठ तपासली आणि म्हणाला,

"नको बाई. अकोल्यात माही माय कवाचीच मेली हाय. थे तसंच असू द्या. मधातले हे दिवस मले कोनासंग वाटाचे नाहीत."