मालगुजाराच्या दारावरून
नातवाच्या शाळेच्या बुटांना लावायला पॉलिशची डबी उघडली आणि त्या वासासरशी मी धाम नदीकाठच्या आमच्या गावात आठ वर्षांची होऊन उभी राहिले. फौजेतले माझे वडील सुटी संपवून पलटणीत परत निघाले होते. सकाळपासून अंगणात बसून त्यांनी बूट असे चकाकवले होते, की त्यांत आईचं रडवेलं तोंड दिसत होतं. वर्ध्याची मोटार सडकेवर थांबायची, आणि सडकेची वाट मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या दारावरून जायची. तिथं गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतला प्रत्येक माणूस पायातलं काढून हातात घ्यायचा. माझ्या आज्यानं सवयीनं चपला काढल्या आणि वडिलांना हळूच म्हणाला, "बूट हातात घेजो रे बापू." वडील चालतच राहिले. "बाबा, हे बूट सरकारनं पायात घालाले देल्ले, हातात धराले नाई." बुटांचे खिळे तिथल्या दगडी फरशीवर खणखण वाजत गेले. ओट्यावरचा मालगुजार अडकित्ता तसाच धरून बघत राहिला. मी मागं वळून पाहिलं, तर आजा त्या दारासमोरच वाकून चपला घालत होता. त्या घाईत डावी चप्पल उजव्या पायात गेली. तसाच तो मोटारीपर्यंत ताठ मानेनं चालत आला. आता नातू घाईघाईत उलटे बूट घालतो तेव्हा घरातले सगळे हसतात. मी मात्र नकळत उठून उभी राहते.