चुलाणातलं पाणी

ठकुबाई नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली, तेव्हा तिला घरात घेणारा एकटा थोरला भाऊ होता, ज्योतीराम. "माझ्या ताटातलं खाईल ती," एवढंच तो भावकीला म्हणाला.

चाकणच्या उत्तरेला भामा नदीच्या काठी त्यांची भोईवस्ती. ज्योतीराम दौलतरावांच्या होडीवर वल्हं मारायचा. माणसं नदीपार नेण्याच्या त्या उताराचा मक्ता दौलतरावांचा, होडी त्यांची आणि हुकूमही त्यांचाच. उताराच्या खाली नदी कातळांमधून घुसते. गुऱ्हाळाच्या चुलाणावर उसाचा रस उकळावा तसं पाणी तिथं उसळतं, म्हणून त्या टप्प्याला सगळे चुलाण म्हणतात.

बावन्न सालच्या श्रावणात नदी फुगली. दौलतरावांच्या मुलीला पाहायला आलेली मंडळी पलीकडच्या काठावर खोळंबली होती.

"मालक, आज होडी चुलाणाकडं वढली जाईल. पाणी वसरलं की आणतो पाव्हण्यांना," ज्योतीराम म्हणाला.

"भोयाच्या पोटचा ना तू? का लुगडं नेसवू तुला?" दौलतराव चारचौघांत म्हणाले.

ज्योतीराम गेला. मधल्या धारेनं होडी आडवी केली आणि चुलाणात नेऊन फोडली. दहाव्याला दौलतराव आले, डोळे पुसले. "भामामाईनं नेला. नदीपुढं कुणाचं काय चालतंय," म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठकुबाईनंही.

तिनं नदीशी वैर धरलं. वस्तीतल्या बायका नदीची ओटी भरायला निघाल्या की ती घरात बसून राही. घागर बुडवताना पाण्यावर थुंके. एक दिवस ती चुलत्याकडे, आबाजीकडे गेली. त्याची मासेमारीची लहानशी होडी होती.

"मला वल्हवायला शिकव, आबा."

"कशापायी?"

"जिनं माझा भाऊ खाल्ला, तिच्या उरावरनं जायचंय मला."

पहिल्या पावसाळ्यात ती वल्हं काठीसारखं हाणायची आणि पाणी तिला उलथं करायचं. खांदे सोलले, गुडघे फुटले. आबाजी काठावरून म्हणायचा, "हाणू नको त्याला. ते कुठं चाललंय ते बघ."

चिडत चिडत ती बघायला लागली. बुडालेल्या कातळावर पाणी कसं पाठ वर काढतं, ते तिला दिसलं. मोठ्या खडकामागं धार उलटी वळते आणि तिथं होडी निवांत उभी राहते, हेही कळलं. कुठं वाट आहे अन् कुठं मरण, ते पाणी उघड दाखवत होतं. लपवत काहीच नव्हतं.

पुढं एका भादव्यात ती भरल्या चुलाणातून सरळ खाली उतरली. खालच्या संथ डोहात वल्हं मांडीवर ठेवून बसली. नदी जिंकल्याचा आनंद तिला झालाच नाही. नदीनं ज्योतीरामाला आधीच बजावलं होतं आणि ज्योतीरामानं ते मालकाला सांगितलं होतं. मग भावाला खाल्लं कुणी? त्या दिवसापासून ती पाण्यावर थुंकायची थांबली. साठवलेला सगळा राग तिनं एका माणसाच्या नावानं राखून ठेवला.

छप्पन सालच्या पावसाळ्यात दौलतरावांची बैलगाडी वरच्या उथळ जागेतून नदी ओलांडताना वाहून गेली. बैल निघाले, दौलतराव मात्र चुलाणाच्या मधोमध एका खडकाला चिकटून राहिले. काठावर सारा गाव जमला, पण पाण्यात पाय घालायला कुणी धजेना. ठकुबाईनं होडी सोडली.

खडकाखडकाच्या आडोशानं ती त्यांच्यापाशी पोचली आणि हात पोचणार नाही इतक्या अंतरावर थांबली.

"ठकुबाई, हात दे. माझे आई, हात दे."

"ज्योतीराम कसा गेला?"

"नदीनं..."

तिनं वल्ह्याचा एक फटका मारून होडी मागं घेतली. दौलतरावांची बोटं खडकावरून निसटत होती.

"मी धाडला," ते ओरडले. "तो न्हाई म्हणत होता. मी टोचून धाडला."

तिनं त्यांना आत ओढलं. "खाली पडून ऱ्हावा," म्हणाली, आणि उरलेलं चुलाण उतरून काठाला आली. होडी गुडघाभर पाण्यातच धरली आणि वल्हं त्यांच्या छातीला आडवं लावलं.

"आता यांना सांगा. न्हाईतर परत नेते."

भिजल्या अंगानं दौलतरावांनी साऱ्या गावासमोर ते सांगितलं. त्यांची बायको यशोदाबाई पुढं आली होती. तिनं आणलेली घोंगडी तशीच हातात राहिली.

पुढच्या सालचा मक्ता पंचांनी दुसऱ्याला दिला. त्याच्या होडीवर वल्हं मारायला ठकुबाई आली.

"बुडू का न्हाई दिलास त्याला?" आबाजीनं एकदा विचारलं.

"ते बी नदीच्याच नावावर गेलं असतं," ती म्हणाली. "तिनं काय केलंय?"

दौलतराव दोनदा उतारावर आले. ठकुबाईनं त्यांच्यासमोर बाकी सगळ्यांना बसवून घेतलं आणि होडी लोटली. नंतर ते पलीकडच्या शेतावर जायला नव्यानं झालेल्या पुलाकडून लांबचा वळसा घेऊ लागले, उन्हातान्हात, पायी. मधल्या धारेतून ते दिसले की ठकुबाई वल्हं थांबवायची आणि ते वळणाआड होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहायची.