मनकर्णाबाईंचं सुतक

राणीसावरगावच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मनकर्णाबाईंची छाती साठ वर्षांत एकदाही दुखली नव्हती. दीडशे पोरांचं पातेलं त्या एकट्या चुलीवरून उतरवायच्या. गावात आरोग्य शिबिर लागलं, तेव्हा रांग छोटी दिसली म्हणून त्या आत गेल्या. छातीला वायरी लावून ईसीजी काढला, तर पट्टीवर यंत्रानं छापलं, हृदयविकाराचा झटका.

"कुणाला?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

परभणीला नेऊन सगळ्या तपासण्या झाल्या. दोष काही सापडेना. मग तिथल्या डॉक्टर मैत्रेयींनी समजावलं, "हे यंत्र दूरदेशीच्या लोकांच्या पट्ट्यांवरून शिकलंय. तुमच्या पट्टीवर हा जो उंचवटा आहे ना, तो काही वंशांच्या लोकांत धोक्याचा निघतो, काहींत अगदी निरोगी. आपल्या लोकांत काय, ते कुणालाच ठाऊक नाही. त्याचा मोठा अभ्यास चाललाय. नाव देता? दहा वर्षं लक्ष ठेवतील."

"कशावर?"

मैत्रेयी चाचरल्या. "म्हणजे... तुम्ही राहता की जाता, यावर."

"ठेवा की. मलाबी कळंल," म्हणत बाईंनी सही ठोकली.

तेव्हापासून वर्षाला एक फोन. चार वर्षं सून राजेश्रीनं तो उचलला आणि "हायत" एवढं सांगून ठेवला. पाचव्या वर्षी ती फोन घरीच विसरून गंगाखेडच्या बाजाराला गेली. मग बाईंनीच उचलला.

"मनकर्णाबाई जिवंत आहेत का?" अभ्यासाच्या कचेरीतल्या अवधूतनं विचारलं.

"मीच बोलायलेय."

"मावशी, तुमचं सांगणं चालत नाही. नातेवाइकानं सांगावं लागतं."

"अरे, मेलेलं माणूस फोन उचलतंय व्हय?"

"मला पटतंय हो. पण फॉर्मात तसा रकाना नाही. नातेवाइकाचा रकाना रिकामाच जाईल."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दिवंगत मनकर्णाबाईंच्या सहभागाबद्दल आम्ही ऋणी आहोत. राजेश्री मोठ्यानं वाचता वाचता हुंदके द्यायला लागली. शेजारी तूरडाळ निवडत बसलेल्या बाई म्हणाल्या, "रडू नको. मी इथंच हाय."

दोघी एस्टीनं परभणीला गेल्या. मैत्रेयींनी नवी पट्टी काढून जुनीवर ठेवली. उंचवट्यावर उंचवटा तंतोतंत बसला. त्यांनी लगेच अवधूतला फोन लावला.

"मॅडम, गेलेला नंबर परत उघडत नाही," तो म्हणाला. "नवीन बाई म्हणून घालतो."

घातलं. मैत्रेयींनी संगणकावर बघितलं आणि कपाळाला हात लावला. तसा उंचवटा असलेल्या आपल्या भागातल्या बाया आता दोनच, एक गेलेली आणि एक जिवंत.

"म्हंजी आमच्यातल्या निम्म्या गेल्या," बाई म्हणाल्या.

"मी वरती तक्रार करते," मैत्रेयी म्हणाल्या. त्यांनी केलीही. उत्तर आलं, की दुरुस्तीसाठी मयताच्या वारसाचा अर्ज लागेल आणि सोबत मृत्यूचा दाखला.

पण ते पुढं. त्या दिवशी दोघी एस्टीनं परतल्या. घरी पोचल्यावर उंबऱ्याबाहेरच थांबून बाईंनी बादलीभर पाणी मागितलं आणि डोक्यावरून ओतून घेतलं.

"दहा दिवस गोडधोड करू नको," त्या सुनेला म्हणाल्या.

"पण आत्याबाई, गेलं कोण?"

"मला काय ठावं? कागदावर बाई गेलीय. तिचं कुणीतरी पाळाया पायजे का न्हाई?"