साडूचं ऐकणारं यंत्र

कोणत्याही दबावाखाली न येता, अत्यंत जबाबदारीनं जाहीर करतो, की वाईपासून जतपर्यंत सर्वांत वाईट इंग्रजी माझा साडू बोलतो. वाईच्या शाळेत मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे. त्यामुळे हे मत नव्हे, निकाल आहे. तरीही नव्वदीच्या अखेरीस, सांगलीच्या अख्ख्या विश्रामबागेत कुणाकडे नव्हतं ते त्याच्याच घरी आलं. आपण इंग्रजी बोलायचं आणि संगणकानं ते टाइप करायचं, अशी करामत पुण्याच्या भाच्यानं बसवून दिली होती.

ती आधी मालकाचा आवाज शिकते. त्यासाठी साडू महिनाभर रोज संध्याकाळी बनियनवर बसून संगणकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. माझा वर्गही माझं इतकं ऐकत नसे. मग तो कचेरीची पत्रं घरूनच सांगू लागला. यंत्र काही म्हणजे काही सोडायचं नाही. कुकरच्या शिट्टीचे शब्द व्हायचे. एका शिंकेमुळे अभियंत्याच्या पत्रात इंग्लंडची राणी आली. एकदा टँकरच्या मागणीत 'दोन थँक यू तातडीने पाठवावेत' असं उमटलं आणि साहेबांनी न वाचता सही ठोकली. पुढच्याच महिन्यात साडूची जतला बदली झाली. दोन्हींचा संबंध नाही, असं तो सांगतो.

पण एरवी त्याचं इंग्रजी पडद्यावर धुऊन, इस्त्री करून यायचं, ते मला बघवेना. एका रविवारी बायको आणि मेव्हणीसमोर मी माइक घेतला आणि घोटलेले उच्चार एकेक करून सोडले. पडद्यावर तीन बेडूक, एक बिशप आणि कसलीशी दिलगिरी आली. बायको पदराआड हसली. साडू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, तुमी लय शुद्ध बोलता वो. त्याला माझी सवय हाय."

तो खांदा मला आठवडाभर दुखला. साडू जतहून फक्त शनिवारी यायचा, म्हणून मी मंगळवारी सांगलीत काम काढलं. दार उघडंच होतं. मेव्हणी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. हाक मारण्याआधी मी संगणक गाठला. पुन्हा बेडूक. शेवटी लाज गिळली, साडूसारखा घसा खाकरला आणि त्याच्याच सुरात 'इस्कूल', 'हापिस' करत अख्खं वाक्य म्हटलं. एकही चूक नाही. मागं बादली खाली ठेवल्याचा आवाज आला आणि माझ्याशी आजवर कुणी बोललं नाही अशा मऊ आवाजात मेव्हणी म्हणाली,

"आवं, मंगळवारीच आलात व्हय?"