चष्मेवाल्याचा शेरा

आमच्या कंपनीची सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. बाकीच्यांना याचा वैताग. घरची माणसं रविवारी मोकळी आणि हे शुक्रवारी, म्हणजे एका घरात राहून भेट नाही. मला मात्र ही सुट्टी लाभली. माझी माणसं इथं नाहीतच. ती आजऱ्याकडं, नागपुरापासून दीड दिवसाच्या वाटेवर. आणि नवा पिक्चर लागतो शुक्रवारी. त्यामुळं बर्डीवरच्या थिएटरात जाऊन पहिल्या दिवशीचा पहिला खेळ बघणारा अख्ख्या कंपनीत मी एकटा.

शनिवारी सकाळी, मी राहतो त्या इतवारी बाजाराच्या तोंडाशी कंपनीच्या बसमध्ये चढलो की मागून आवाज यायचा, "काहून गा कोल्हापूर, कसा आहे पिक्चर?"

कोल्हापूर म्हणजे मी. मी आठवीत शाळा सोडली आणि एका मोटारपंपाच्या दुकानात कामाला लागलो. मग फिरत फिरत, एका शेडच्या कामावर आलो तो हिंगण्याच्या कारखान्यांत राहिलो. फोरमननं माझा हात मशीनवर बघितला आणि पत्रा ठोकायच्या प्रेसवर घेतलं. शिकल्याचा कागद मागितला नाही. त्या माणसाचे उपकार मी रोज गेटातून आत जाताना आठवतो, आणि रोजच भीती वाटते की आज कुणीतरी कागद मागेल. बसमध्ये सगळे आयटीआयवाले, डिप्लोमावाले. आठवड्यातून एकदा ते माझं मत विचारायचे, हे मला फार होतं.

पण खरा पिक्चर मी शनिवारी सांगायचो नाही, शुक्रवारीच सांगायचो. संध्याकाळी सहाला बायकोला फोन लावायचो. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. तोवर तिचं आवरलेलं असायचं. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ नीट यायची, म्हणून ती तिथं कट्ट्यावर येऊन बसायची आणि म्हणायची, "हां, सांगा."

मी पहिल्यापासून सांगायचो. पडदा उघडल्यावर आधी काय दिसलं, कोण कुठून आलं, कुणी काय घातलं होतं. ती मध्येच विचारायची, "घर कसलं हाय? कौलारू?" नऊ वर्षं. इतर दिवशी आमचं बोलणं म्हणजे आईच्या गोळ्या, मुलीचा अभ्यास, घरामागच्या परड्यात शिरलेली माकडं. पाच मिनिटांत संपायचं. शुक्रवारी तास जायचा. लांब राहणाऱ्या नवरा-बायकोत तासभर बोलायला काहीतरी लागतं हो. आमच्याकडं पिक्चर होता.

मग गावात टॉवर झाला. मला इतका आनंद झाला की मी बसमध्ये पेढे वाटले. आणि त्या टॉवरवरून तो आमच्या घरात उतरला.

तो म्हणजे मोबाइलवर पिक्चरचं सांगणारा एक माणूस. निळ्या भिंतीसमोर बसतो, काळ्या काड्यांचा चष्मा, इस्त्रीचा सदरा. एका मिनिटात एक पिक्चर उरकतो आणि शेवटी बोट वर करून शेरा देतो. शेरे तीनच: थिएटरात पाहा, मोबाइलवर पाहा, पाहूच नका.

पहिल्यांदा कळलं ते असं. मी नेहमीसारखा फोन लावला, पिक्चरचं नाव सांगितलं, आणि ती म्हणाली, "त्यो व्हय. त्येला पाहूच नका दिलंय."

"कुणी?"

"चष्मेवाल्यानं."

"अगं, पण आजच लागलाय."

"त्येनं काल रातीच सांगितलं."

त्याला गुरुवारीच पिक्चर दाखवतात, हे मला ठाऊकच नव्हतं. मी आपला शुक्रवारी साडेनऊला रांगेत पहिला उभा राहून स्वतःला पहिला समजत होतो.

मग मीही त्याला बघायला लागलो. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, कानात वायर घालून. माणूस हुशार होता, हे मला पहिल्या दिवशीच कळलं आणि तिथंच माझं बिनसलं. एका पिक्चरबद्दल तो म्हणाला, "नायक तीन वेळा मरतो, प्रेक्षक एकदाच. पाहूच नका." दुसऱ्याबद्दल, "घोड्याचं काम उत्तम. इतरांनी त्याच्याकडून शिकावं. मोबाइलवर पाहा." तो घोडा मीही बघितला होता. चांगलाच होता घोडा. मला का नाही सुचलं?

मी त्याच्या चुका शोधायला लागलो. सापडत नव्हत्या. मग त्याचे सदरे मोजले, तर एकच सदरा दोनदा घालत नव्हता. शेवटी एक दिवस त्याच्या व्हिडिओखाली मी लिहिलं. शाळेतलं आठवून, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून लिहिलं: तुम्हाला फुकट दाखवतात, तिकीट काढून बघणाऱ्याचं मत वेगळं असतं. वाटलं, भांडेल. त्याचं उत्तर आलं, "अगदी खरं, दादा. तुमचंही मत लिहीत जा." पुढं हात जोडलेले. इतक्या सभ्य माणसाला मनातल्या मनात तरी शिवी कशी द्यायची?

तिकडं बायको त्याच्याच भाषेत बोलायला लागली. नणंदेच्या आमटीला मोबाइलवर पाहा. गावातल्या एका नव्या नवरीला थिएटरात पाहा. एकदा मी मिशी कोरून, नवा शर्ट घालून व्हिडिओ कॉल लावला आणि विचारलं, "कसा दिसतोय?"

ती बघत राहिली आणि म्हणाली, "तुमाला मोबाइलवर पाहा." मागं जाऊबाई होत्या, त्याही हसल्या. मीही हसलो. नऊ वर्षं मी तिला मोबाइलवरच भेटत होतो, तर दुसरा कुठला शेरा देणार? पण तो शेरा त्याचा होता. माझ्या तोंडाकडं बघून माझ्या बायकोला दुसऱ्या माणसाचं वाक्य आठवलं, हे मला आतून टोचत राहिलं.

आणि तास आटला. पिक्चरचं तिला आधीच ठाऊक असायचं. मी सुरुवात केली की ती म्हणायची, "म्हायती हाय, फुडं." चाळीस मिनिटं झाली, मग वीस.

बसमध्ये माझ्या शेजारी जवळच्याच पारशिवनीचा एकजण बसतो. गावाकडं संत्र्यांची झाडं, इथं वेल्डिंगला. त्याच्यापाशी मी बोललो. बायकोचं नाही, नुसतं चष्मेवाल्याचं.

"तू लांबवतो लय," तो म्हणाला. "मले सांग, आजकाल टाइम कोणाले आहे? दोन वाक्यात मार अन् सोड. तो तेच करून राहिला."

मला पटलं. आठवडाभर प्रेसवर ठोक्याच्या तालात मी वाक्यं जुळवायचो. शुक्रवारी फोन लावला आणि एका दमात म्हणालो, "नायिका हुशार, नायक दगड. दगडाला गाणी चार."

ती खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली. "ब्येस जमलंय की."

मी फुललो. मग ती थांबली, मी थांबलो.

"मग?" मी म्हणालो.

"मग काय. ठेवू?"

चार मिनिटं. पुढच्या शुक्रवारी आणखी चांगलं जमलं, तीन मिनिटांत संपलं. मला कळत होतं की मी काय करतोय, पण त्याच्यापेक्षा चांगलं वाक्य केल्याशिवाय मला थांबता येत नव्हतं. त्याला हरवायचं, एवढंच डोक्यात.

त्यानंतरच्या आठवड्यात माझी तिसरी पाळी होती. शुक्रवारी सकाळी कंपनीतून सुटलो तो तसाच थिएटरात गेलो. पिक्चर होता दोन बहिणींचा. बाप जातो, पिठाची गिरणी मागं राहते, दोघी ती चालवतात. थंडगार हवा, मऊ खुर्ची, आणि पडद्यावर गिरणीची घरघर. पट्टा तुटला तिथपर्यंत मला आठवतं. जाग आली तेव्हा एक बहीण एसटीत बसून चालली होती आणि दिवे लागत होते.

संध्याकाळी मी सांगितलं, "दोन बहिणी, एक गिरणी. पीठच पीठ. पाहूच नका."

"आवं, पर त्येनं थेटरात पाहा दिलंय."

"मग तुझा विश्वास कुणावर?"

"पिक्चरला इस्वास कशाला लागतोय?" ती म्हणाली. आणि पुढं, "मी जाऊबाईला घिऊन जाणार हाय. रविवारी. गडहिंग्लजला."

नऊ वर्षांत मी तिला किती वेळा म्हटलं असेल, हा चांगला आहे, जाऊन ये. दर वेळी उत्तर ठरलेलं: आईंना कोण बघंल, एसटी कधी येणार, एकटीनं कसं जायचं. आणि तो बोट वर करून दोन शब्द बोलला, तर आईंना बघायला शेजारीण मिळाली, एसटीची वेळ ठरली, जाऊबाई तयार झाल्या. मी म्हणालो, "जा की." फोन ठेवला आणि खोलीत नुसता उभा राहिलो. शनिवारी बसमध्ये विचारलं तर सगळ्यांना सांगितलं, बेकार आहे, जाऊ नका. सूड म्हणून सांगितलं, दुसरं काय?

रविवारी पहिली पाळी होती. प्रेसवर हात चालत होता आणि मन गडहिंग्लजच्या थिएटरात. आता बसली असेल. कुठल्या रांगेत? पदर डोक्यावर असेल का? घाबरली असेल का अंधाराला? हे सगळं मी तिला दाखवायचं होतं. ते तिला एका निळ्या भिंतीवाल्यानं दाखवलं.

संध्याकाळी साडेसहाला तिचाच फोन आला. शुक्रवार नसताना.

"तुमी हा पिक्चर बघितलाच न्हाई," ती म्हणाली.

"बघितला की."

"मग पट्टा तुटल्यावर थोरलीचं काय झालं, सांगा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"झोपलासा न्हवं?"

"झोपलो," मी म्हणालो. "पाळीवरनं गेलो होतो."

रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग ऐका." आणि तिनं सुरू केलं.

थोरलीला गिरणीच्या आवाजानं ऐकू येईनासं होतं. ती कुणाला सांगत नाही. दळण बरोबर निघतंय का, हे ती आता कानानं नाही, हातानं ओळखते. "पीठ पडतंय तिथं हात धरती आणि चिमटीत असं करती, असं," बायको म्हणाली. फोनवर मला ते असं दिसणं शक्य नव्हतं. पण मला तिची बोटं दिसली. रोज अंगणवाडीत पोरांच्या खिचडीचे तांदूळ ती तशीच बघते. मग धाकटी. तिला गाव सोडून जायचंय, पण थोरलीला सांगायचा धीर होत नाही. म्हणून गिरणी चालू असताना, थोरलीची पाठ असताना, तिच्या मागं उभी राहून ती रोज मोठ्यानं सगळं बोलते. मी जाणार, मला इथं राहायचं नाही, मला तुझी कीव येते. थोरलीला ऐकू येत नाही. पण समोर पत्र्याचा डबा आहे, नवा, चकचकीत, आणि त्यात धाकटीचे ओठ दिसतात.

"तिला पयल्या दिसापासनं कळतंय ओ," ती म्हणाली. "आन् ती डबा काय हलवत न्हाई."

तिनं थांबून श्वास घेतला. मी खोलीच्या जिन्यावर बसलो होतो. खाली भांड्यांच्या दुकानाचा हमाल हातगाडीवर पातेली रचत होता, त्याला मी हातानंच, हळू, असं केलं.

तास होऊन गेला. मी नऊ वर्षं सांगत आलो, पण असं मला एकदाही जमलं नव्हतं. मी काय घडलं ते सांगायचो. ती कुणाला काय कळलं ते सांगत होती.

"म्हणजे त्याचं बरोबर निघालं," मी म्हणालो.

"कुणाचं?"

"चष्मेवाल्याचं."

"त्येचं अर्धंच," ती म्हणाली. "शेवट लांबलाय म्हणं. त्येला काय कळतंय शेवटातलं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग लक्षात आलं, आता मला त्याचा नाही, हिचाच हेवा वाटत होता.

सोमवारी बसमध्ये मी तो पिक्चर सांगितला. सगळा. हिंगण्याच्या गेटापर्यंत पुरला. मागचे दोघे उठून पुढं आले.

"शनवारी तं बेकार म्हणून राहिला होता," पारशिवनीवाला म्हणाला.

"तेव्हा झोप होती डोळ्यावर."

"पण सांगतलं भारी गा. तो मोबाइलवाला काय सांगन असं."

हे वाक्य ऐकायला मी किती महिने झुरत होतो. ऐकलं, आणि गिळलं.

त्या शुक्रवारी मी पिक्चरला गेलो नाही. सहाला फोन लावला.

"आज कुठला?"

"कुठलाच नाही. तोच सांग परत."

"बघा आता," ती म्हणाली, पण आवाज खूश होता. "बसमधी सांगितलासा काय?"

"सांगितला."

"आवडला त्यास्नी?"

"फार."

"मी सांगितलाय म्हणून सांगितलासा?"

मी आईच्या गोळ्यांचं विचारलं. तिला कळायचं ते कळलं. रागावली नाही. गोळ्यांचं सांगितलं आणि म्हणाली, "शेवट कसा सांगितला?"

मी सांगितला. धाकटी एसटीत बसते, थोरली रडते.

"रडती? कवा रडली?" ती म्हणाली. "ती गिरणी बंद करती. पयल्यांदा दिवसा बंद करती, आन् भिंतीला हात लावून हुबी ऱ्हाती. एसटी गेल्याली तिला भिंतीतनं कळती. सगळी नासाडी केलीसा. उद्या नीट सांगा."

शनिवारी बसमध्ये चढलो. मागून आवाज आला, "काहून गा कोल्हापूर, कोणता पाहिला?"

"कोणताच नाही," मी म्हणालो. बस चौकातून वळली तेव्हा मी सांगून टाकलं. "सोमवारी सांगितला तो मी पाहिलेला नव्हता. मी झोपलो होतो. माझ्या बायकोनं पाहिला, तिनं मला सांगितला. आणि शेवट मी चुकीचा सांगितला."

कुणी हसलं नाही. पारशिवनीवाला खिडकीकडून माझ्याकडं वळला. "मंग वहिनीनं शेवट काय सांगतला?"

मी सांगितला. गिरणी बंद, हात भिंतीला, एसटी गेलेली भिंतीतून कळते. तो बराच वेळ समोरच्या सीटच्या दांड्यावर तळहात ठेवून बसला होता. मग म्हणाला, "आता नवीन लागला आहे ना, दोन भावायचा. वहिनीले विचार ना गा, पाहू का नाही."

तो माझ्याशी बोलत होता, पण विचारत तिला होता.

"विचारतो," मी म्हणालो.