किनारा, बाजू ब, चौथं गाणं

बाबा निवृत्त झाल्यावर खापरखेड्याचं क्वार्टर रिकामं करताना मी आईच्या सगळ्या कॅसेटी भंगारात दिल्या. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. एका डबीतलं गाण्यांच्या यादीचं कार्ड मात्र ठेवलं, त्यावर तिचं अक्षर होतं म्हणून. तेव्हा मला स्वतःच्या समंजसपणाचं कौतुकही वाटलं होतं.

बाबा वीज केंद्रात पाळीनं काम करत. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपला की कॉलनीत अख्खी ओळ हळू बोलायची. आई कुकरची शिट्टी होऊ देत नसे, आधीच चिमट्यानं उचलून वाफ सोडायची. त्याच वेळात ती स्वयंपाकघरात टेप लावायची, भिंतीपलीकडे जेमतेम पोचेल इतक्या आवाजात.

आता बाबा माझ्याकडे लकडगंजला असतात. आजारपणानंतर त्यांची झोप गेली ती आलीच नाही. गोळ्यांनी फक्त तोंड कोरडं पडतं. एका दुपारी म्हणाले, "तुही माय एक गाणं लावे. ते लागलं का मले झोप लागे."

"कोणतं?"

"मले काय माहीत वं? मी झोपून राहो."

मी कार्ड आणून एकेक नाव वाचलं. 'किनारा'ला त्यांनी हात वर केला. "हेच. मी एकदा विचारलं होतं तिले."

कोरी कॅसेट भरून घ्यायला दुकानात यादी द्यावी लागे. आई त्या यादीत आणि मग कार्डावरही फक्त गाण्याचं नाव लिही. गायक नाही, सिनेमा नाही, भाषासुद्धा नाही. हिंदी-मराठी एकाच कॅसेटीत भरणाऱ्या आमच्या घरात ते कुणाला खटकलंही नाही.

फोनवर 'किनारा' टाकलं आणि कळलं की या नावाचं गाणं प्रत्येकाला एकदा तरी करावंसं वाटतं. गझल होती, भवसागराचं भजन होतं. एका तरुणाचा रॅपचा अख्खा अल्बम होता. किनारा त्याला बहुधा सापडला नसावा, फार चिडलेला होता. ध्यानासाठी तासभर नुसत्या लाटाही होत्या. 'किनारे' आणि 'ओ किनारा' वेगळेच. समुद्र आईनं कधी पाहिला नव्हता. मी रोज दुपारी पाच-सहा लावायची. बाबा पूर्ण ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हे नाही वं."

जुन्या गाण्यांचे एक संग्राहक आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी स्वतःचे सत्काराचे फोटो दाखवले, मग कार्ड पाहिलं.

"राग कोणता?"

"माहीत नाही."

"निदान मुखडा?"

"वडील झोपेत होते."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, नाव म्हणजे गाणं नव्हे."

हे मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं, पण त्यांनी ते चहासोबत सांगितलं.

त्या दिवशी घरी येऊन मी उरलेल्यांतलं एक लावलं. कुठल्याशा बँडचं होतं, गिटार आणि ढोल एकमेकांवर धावून जात होते. बंद करायला हात पुढे केला तर बाबा म्हणाले, "राहू दे. हेच होय."

"हे?"

"हेच. सापडलं ना शेवटी. आता नको शोधू, थकून राहिली तू."

आणि त्यांनी डोळे मिटले. गाणं कालपरवाचं होतं, आईच्या कॅसेटीत असणं शक्यच नव्हतं. मी दारातून पाहत राहिले. पापण्या हलत होत्या. गाणं संपेपर्यंत ते झोपलेल्या माणसासारखे सरळ पडून होते. खरं झोपलेले बाबा कुशीवर असतात, हात उशीखाली घालून.

आता रोज दुपारी मी तेच लावते. ढोल कळू नये इतका आवाज कमी करते. बाबा डोळे मिटतात. मी दार ओढून घेते आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात जाते.